तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे तुळस का जगत नाही?

दापोलीला आमच्या घरी आलेला पाहुणा चहा पिऊन झाला की मागच्या दारी परसात जातो, आणि परत येताना हाच प्रश्न घेऊन येतो. "तुमच्याकडे सगळं कसं फोफावतं हो? आमच्याकडे तर साधी तुळससुद्धा जगत नाही." मुंबईची नणंद विचारते, नाशिकचे मावसदीर विचारतात, भाचीबरोबर समुद्र बघायला आलेली तिच्या ऑफिसातली मुलं विचारतात. विचारताना पुष्कळांचा आवाज जरा खाली येतो, कारण तुळस वाळणं घराला बरं नाही, असं कुणीतरी त्यांच्या मनात घातलेलं असतं.

म्हणून आधी तेवढं सांगते. तुळस वाळली म्हणजे घरावर काही येणार आहे, असं मनात आणू नका. तुळशीचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. बुंधा लाकडासारखा होतो, खालची पानं गळतात आणि एक दिवस शेंडाही मान टाकतो. वारकऱ्यांच्या गळ्यातली माळ अशाच तुळशीच्या लाकडाचे मणी करून ओवलेली असते. जुन्या घरांपुढच्या वृंदावनात वर्षानुवर्षं जी तुळस दिसते, ती एकच नसते. तिच्याच मंजिरीतलं बी खाली पडून रुजतं, आणि घरातलं कुणीतरी त्यातलं एक धट्टंकट्टं रोप राखून जुनं काढून टाकतं. माझ्या सासूबाई हे काम तुळशीच्या लग्नाआधी करायच्या. नवरी ताजी हवी, म्हणायच्या.

पण तुमची तुळस सहा महिन्यांतच वाळत असेल, तर कारण वेगळं. तुम्ही तिला पाणी घालता, नमस्कार करता, दिवा लावता. खुडत मात्र नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही, डोळ्यांनी पाहिलं. काही वर्षांपूर्वी वडील आजारी पडले म्हणून मी गणपती झाल्यावर ठाण्याला गेले, ती वैशाखातच परत आले. घराला कुलूप होतं. शेजारच्या काकी आठ महिने एक दिवस न चुकता सगळ्या झाडांना पाणी घालत होत्या. परत आले आणि परसात जाऊन उभी राहिले. तुळशीवर तपकिरी, वाळक्या मंजिऱ्यांचे तुरेच तुरे, पानं चार. गवती चहाच्या ठोंबाच्या मधोमध पिवळं गवत आणि हिरवं फक्त कडेला. पुदिन्याच्या तारांसारख्या लांब काड्या झालेल्या. पानओवा जमिनीवर लोळत होता, काडी सगळी उघडी आणि टोकाला पानांचा झुबका. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाणी रोज घातलं गो मी," एवढंच त्या म्हणत होत्या. माती बोटाने उकरून पाहिली, आत ओल होती. काकींचं काही चुकलं नव्हतं. आठ महिने त्या झाडांचं एक पानही कुणी तोडलं नव्हतं, एवढंच झालं होतं.

तुळशीचं काम बी धरणं. एकदा मंजिरीत बी भरलं, की ती पानांकडे लक्ष देत नाही. मंजिरी कोवळी असताना, दोन पानं खालून नखाने खुडली, तर खालच्या दोन्ही बेचक्यांतून फुटवे येतात. ते खुडले की दोनाचे चार. शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की डोळे मोकळे होतात. सासूबाईंना हे नाव माहीत नव्हतं, पण चहात टाकायला पानं घेताना त्या कधी सुटं पान ओढत नसत, नेहमी शेंडाच खुडत.

"पण देवाचं झाड, खुडायचं कसं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. अहो, विष्णूच्या पूजेत मंजिरीला मान आहे. विठ्ठलाच्या गळ्यात तुळशीचेच हार असतात, ते खुडल्याशिवाय कुठून येणार? द्वादशीला तोडायची नाही, रविवारी नाही, सूर्य मावळल्यावर नाही, असे नियम आमच्याकडेही पाळतात. तुम्हीही पाळा. उरलेल्या दिवशी सकाळी खुडा. मंगळागौरीची पत्री, गणपतीच्या एकवीस पत्री, यांत तुळस आहे, मरवा आहे, जाई आहे, माका आहे. पूर्वी श्रावण-भाद्रपदात या सगळ्यांवरून हात फिरायचा, ती छाटणीच होती. आता पत्रीचा जुडगा बाजारातून येतो आणि कुंडीतली तुळस तशीच राहते.

फ्लॅटमधल्या तुळशीची आणखी दोन दुखणी. एक, पाणी. पूजेचं तांब्याभर पाणी, वर दूध, वर हळदकुंकू, रोज. कुंडीखालचं भोक बुजलेलं असतं आणि मुळं कुजतात. दोन बोटं माती कोरडी लागली तरच पाणी घाला, नाहीतर पळीभर पुरे. दूध आणि कुंकू शेजारी ताटलीत ठेवा, तुळस रागावत नाही. दुसरं, रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या मुळांशी लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत पुरला, तर भोवतीची माती भिजते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. बादलीत बुडवून गोळा हलक्या हाताने मोकळा करा, मग लावा. नाशिकच्या मावसदिरांची तुळस पौषातल्या थंडीने जायची. त्यांनी ती दक्षिणेच्या खिडकीत घेतली आणि रात्री वरून जुनं धोतर घालायला लागले, तेव्हापासून टिकते आहे. आमच्याकडे भीती उलटी. पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे कुंडीतली तुळस पडवीत येते. पागोळीखाली मात्र ठेवायची नाही, धारेने मुळं उघडी पडतात.

गवती चहाचंही तसंच. विळ्याने जमिनीपासून वीतभर ठेवून सगळा ठोंब कापून घ्यायचा, वर्षातून तीन-चार वेळा, मग नवी पात सरळ आणि वासाची येते. दर दोन वर्षांनी ठोंब उकरून फोडायचा, प्रत्येक काडीला थोडं मूळ राहील असा. चहात टाकताना दोन पाती दुमडून त्यांनाच गाठ मारायची. अख्खी जुडी उकळते आणि चमच्याने उचलून काढता येते, गाळणीत तुकडे अडकत नाहीत. पातीला करवतीसारखी धार असते, टोकाकडून मुळाकडे हात ओढू नका.

आता अडुळसा. हा गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लावलेला आहे, कारण कडू पानांमुळे गुरं आणि बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. काडी खोचली की लागतो. माझ्या मुलांच्या लहानपणी कफाच्या खोकल्याला पहिला उपाय हाच. चार-पाच जून पानं धुऊन तव्यावर मऊ करायची, खलबत्त्यात ठेचून फडक्यातून पिळायची. इतक्या पानांचा वाटीच्या तळाला चमचाभर काळपट हिरवा रस जमतो. त्यात मध घालून चाटवायचा. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका.) मुलगा तोंड वाकडं करून घराभर पळायचा. पुढे तो फार्मसी शिकला आणि एकदा सुटीत आला तेव्हा त्यानेच मला सांगितलं, की अडुळशाचं संस्कृत नाव वासा, त्यावरून यातल्या द्रव्याला वासिसिन म्हणतात, आणि त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे औषध बनवलं गेलं. ब्रोमहेक्सिनचं शरीरात अम्ब्रॉक्सॉल होतं. कफ पातळ करणाऱ्या सिरपच्या बाटल्यांवर ही नावं असतात. गडग्याकडे बघत तो हे सांगत होता आणि मला सासूबाईंचा खलबत्ता आठवत होता.

ज्याचा गुण खरा आहे त्याचा दोषही खरा असतो, हे मात्र मी प्रत्येकाला काडी देताना बजावते. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईने तो घेऊ नये. वेखंड बाळगुटीत दगडावर दोन वळसे उगाळण्यापुरतं, चमच्याने खायचं नाही. गुळवेल तर करोनाच्या काळात लोकांनी रोज पेलाभर उकळून प्यायली. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला त्रास झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसऱ्याच जातीच्या वेलीची गल्लत झाली असू शकेल असं म्हटलं. कुणाचं बरोबर हे ठरवणारी मी नव्हे. पण आमच्या आंब्यावर चढलेली गुळवेल मागायला कुणी आलं, की आधी विचारते, किती दिवस घेणार आणि कुणी सांगितली? गल्लत तर ब्राह्मीचीसुद्धा होते. बारीक, रसाळ पानांची आणि फिकट फुलांची एक ब्राह्मी, आणि गोल, कातरलेल्या कडेच्या पानांची जमिनीलगत धावणारी दुसरी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात, दोन्ही वेगळ्या. माझ्याकडे दुसरी आहे. ती मी तेलात घालते, पोटात घेत नाही.

फुलांचं मला जास्त प्रेम आहे, आणि त्यातही अबोलीचं. तिला वास नाही, म्हणून वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, करताना मधेमधे मरवा घालतात. (दवणाही घालतात, पण तो आमच्या दमट हवेत होत नाही. त्याला जेजुरी-सासवडकडची कोरडी थंडी मानवते, तिथूनच तो चैत्रात देवांना जातो.) अबोलीची फुलं कणसावर खालून वर उमलत जातात. केळीच्या सोपट्याचा (खोडाच्या सालीचा) ओला दोरा घ्यायचा, फुलांच्या नळ्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा ठेवत गाठ आवळत जायचं. आवळताना जोर झाला तर नळी तुटते, सैल राहिली तर फूल घसरतं. हाताला ती मापं कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. रोज फुलं काढली आणि संपलेलं कणीस खुडलं, तर अबोली बारा महिने फुलते. कणसं तशीच राहिली की शेंगा धरते आणि फुलणं मंदावतं, त्या वर्षी आठ महिन्यांत तेच झालं होतं. त्या वाळक्या शेंगा टाकून देऊ नका. एक तळहातावर ठेवा, वर पाण्याचा थेंब सोडा आणि थांबा. काही क्षण काहीच होत नाही. मग टच्‌ आवाज होऊन शेंग फुटते आणि बिया हातावरून उडून जातात. पाऊस आला की अंगणात हेच चालतं, म्हणून अबोलीची रोपं मूळ झाडापासून हातभर लांब उगवलेली दिसतात. घरी कुणाची मुलं आली की मी आधी त्यांच्या हातावर ही शेंग ठेवते.

सोनटक्क्याला माझी गरज नाही. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू, केळ, कर्दळ आणि सोनटक्का. जमिनीत आल्यासारखे गड्डे असतात, ते वाढत राहतात. भाद्रपदात संध्याकाळी कळी सुटली की स्वयंपाकघरात बसून वास येतो. पारिजातकालाही खुडत नाही, त्याची फुलं पहाटे आपण होऊन पडतात आणि जमिनीवरून वेचलेली देवाला चालतात. केशरी देठ मात्र मी वेगळे करून सावलीत वाळवते. गरम पाण्यात टाकले की पिवळाधमक रंग उतरतो. सासूबाई त्यात मलमलचं फडकं भिजवून बाळंतविडा बांधायच्या. त्यांच्या हातचं एक फडकं माझ्या कपाटात आहे, रंग आता सायीसारखा फिका झालाय.

काकी गेल्या वर्षी वारल्या. त्याआधी कितीतरी वर्षं त्या रोज सकाळी गडग्यापलीकडून हाक मारायच्या, "खुडलंस काय गो?" आणि मी ओंजळीतले शेंडे वर करून दाखवायची.

तर, तुम्हाला काड्या हव्या असतील तर मृग लागल्यावर या, ७ जूननंतर आठ-दहा दिवसांनी, जमीन भिजली की. उन्हाळ्यात नेलेलं ठोंब गाडीतच वाळतं. अडुळसा, पानओवा, गवती चहा, सोनटक्क्याचे गड्डे, अबोलीची रोपं, हवं ते न्या. तुळशीसाठी पिशवीसुद्धा लागणार नाही. मंजिरी न आलेला बोटभर शेंडा देईन, ओल्या फडक्यात गुंडाळून. घरी पोचलात की खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात उभा करा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतील, मग कुंडीत लावा. नव्या पानांच्या चार जोड्या आल्या की वरचा शेंडा खुडून त्या दिवशीच्या चहात टाका.