मुंबई ते न्यूअर्क: सोळा तास आणि मांडीवर वीस महिन्यांचं पोर

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्कहून मुंबईला आलो तेव्हा छोटू विमानात जवळजवळ पूर्ण वेळ झोपला होता. संध्याकाळी उशिराचं विमान, जेवण, दूध आणि झोप. सकाळचा खेळ संपेपर्यंत मुंबई आलीसुद्धा. त्यामुळे मी सगळीकडे सांगत सुटले होते की आमचं पोर प्रवासाला अगदी शहाणं आहे. जूनमध्ये परत जाताना त्याने माझी ही शेखी उतरवली. डिसेंबरमध्ये पुन्हा भारतात यायचंय, तोवर विसरायला नको म्हणून, आणि याच वाटेने लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी, हे लिहून ठेवते.

आधी घड्याळाचं सांगते, कारण माझी खरी चूक तिथेच झाली. जाताना विमान सुटलं मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमाराला. प्रवास पंधरा तास चाळीस मिनिटांचा. न्यूअर्कला उतरतो तेव्हा तिथे सकाळचे पावणेआठ, पण पोराच्या पोटातलं घड्याळ पुण्याचंच, त्यात संध्याकाळचे सव्वापाच. म्हणजे लवकर झोपलं तरी ते सकाळी आठ-साडेआठला उठणार आणि पुढचे आठ-नऊ तास टक्क जागं राहणार, तेही अंधारलेल्या केबिनमध्ये, जिथे बाकी सगळे झोपलेले. येताना नेमकं उलट होतं, तिथली रात्र विमानात गेली. तेव्हा तिकीट काढताना नुसते तास मोजू नका. मुलाच्या नेहमीच्या वेळापत्रकावर विमानाची वेळ मांडून बघा, अवघड तास कुठे येणार ते लगेच दिसतं. आमच्यासाठी ते शेवटचे आठ-नऊ तास होते. मी मात्र खेळण्यांचा सगळा दारूगोळा पहिल्या दीड तासातच उडवला.

या वेळी माझी आई बरोबर होती, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येत होती. पुण्याहून साडेपाचला टॅक्सी केली. छोटू तळेगाव यायच्या आत झोपला तो थेट वाशीला उठला. "झोपू दे गं, बरंय," असं आई म्हणाली आणि मलाही बरंच वाटलं. पण संध्याकाळची ही तीन तासांची झोप आम्हाला पहाटे तीन वाजेपर्यंत पुरली! रात्रीचं विमान असेल तर गाडीत लांब झोप होऊ देऊ नका. लोणावळ्याला उतरवा, चालवा, काहीही करा.

मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर मात्र मजा आली. तिथली ती लांबच लांब कलेची भिंत, जुने दरवाजे, झरोके, मूर्ती, हे सगळं मोठ्यांनी बघायचं म्हणून लावलंय. पण धावणाऱ्या पोराला त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. सुरक्षा तपासणी झाल्यावर तासभर त्याला नुसता पळवला. "लहान मुलं असलेल्यांनी आधी या" अशी घोषणा झाली की सगळे कुटुंबासह धावतात, ते करू नका. दोघं असाल तर एकाने सामान घेऊन आत जावं आणि दुसऱ्याने मुलाला शेवटच्या हाकेपर्यंत बाहेर चालवावं. आई आधी एकटी आत जायला तयार नव्हती ("मला तो नंबर सापडला नाही तर?"), शेवटी तिथल्या मुलीने तिला जागेवर नेऊन बसवलं. आम्हाला अर्धा तास जास्तीचा चालायला मिळाला.

तपासणीबद्दल थोडं. हातातल्या सामानातल्या पातळ पदार्थांचा शंभर मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला त्या प्रवासापुरता सहसा लावत नाहीत, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं. मी सगळं एका पारदर्शक पिशवीत वरच ठेवलं होतं. बाबागाडीही यंत्रातून जाते, तेव्हा ती एका हाताने मिटवता येत असेल तर हाल कमी.

आता जागेचं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर नेता येतं आणि त्याचं तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत बसतं, वर कर वेगळे. दुसरा वाढदिवस झाला की स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. वीस महिन्यांचा आहे, चालून जाईल, म्हणून मी मांडीवरचं तिकीट काढलं. हा कंजूषपणा मला नडला. साडेअकरा किलोचं पोर सोळा तास मांडीवर म्हणजे काय, ते माझ्या पाठीला विचारा. परवडत असेल तर दीड वर्षानंतर जागा घ्याच. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच बरं.

विमानात बाळासाठी समोरच्या भिंतीला लावून देतात त्या पाळण्याच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. बहुतेक कंपन्यांची त्याची मर्यादा दहा ते चौदा किलोच्या दरम्यान असते, शिवाय लांबीही बघतात, आणि विमान हलायला लागलं की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. पाळण्यासाठी भिंतीसमोरची रांग मिळते, तिथे हाताचे दांडे वर होत नाहीत. म्हणजे पोराला दोघींच्या मांड्यांवर आडवं करायची सोय गेली. उड्डाणाच्या आणि उतरायच्या वेळी पायाशी पिशवीही ठेवू देत नाहीत. मी मुद्दाम मागची साधी रांग घेतली, खिडकी आणि मधली जागा. हा एक निर्णय मात्र बरोबर ठरला.

कडेच्या जागेवर एक गुजराती काका होते, न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे निघालेले. त्यांच्याशी आमची ओळख जरा ओल्या प्रसंगातून झाली. विमान वर चढून स्थिर झाल्यावर छोटूने सिपर मागितला. मी झाकण उघडलं मात्र, नळीतून सफरचंदाच्या रसाची पिचकारी सुटली ती थेट काकांच्या पांढऱ्या शर्टावर! "न सांडणारा" असं ज्यावर ठळक छापलंय तोच हा सिपर. कारण साधं आहे. विमानातला हवेचा दाब जमिनीइतका नसतो, समुद्रसपाटीपासून अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असावा तेवढा असतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे विमानात तुम्ही कळसूबाईच्याही वर बसलेले असता. सिपरमध्ये कोंडलेली हवा मुंबईची, तिला फुगायला जागा हवी, ती रसाला बाहेर ढकलते. चिवड्याचं पाकीट फुगतं तसंच. सिपर अर्धाच भरा, वर गेल्यावर नळी न उघडता आधी झाकणाचा आटा सैल करा, आणि त्यात रस नाही, पाणी ठेवा. काकांनी खिशातून भलामोठा चौकड्यांचा रुमाल काढून शर्ट पुसला आणि म्हणाले, "कोई बात नहीं बेन, हमारे भी पोते हैं."

पहाटे तीनपर्यंत छोटू जागा. मी घाबरून एकामागून एक सगळं बाहेर काढलं. नवं पुस्तक, मोटार, तुळशीबागेतून आणलेली भातुकली. भातुकली स्टीलची घेतली, हा माझा आणखी एक शहाणपणा. सगळे झोपलेले असताना इवल्याशा कढईत इवलासा झारा वाजवला तर तो किती ऐकू येतो, हे एकदा अनुभवावं. लाकडाची किंवा कापडाची घ्या. आणि हातातून निसटणारी प्रत्येक वस्तू आखूड नाडीने पिशवीच्या पट्ट्याला बांधा. परकराची नाडी उत्तम. एरवी दर पाच मिनिटांनी तुम्ही सीटखाली आणि पोर डोक्यावर. नाडी मात्र पोर तुमच्या डोळ्यांसमोर असेपर्यंतच, झोपलं की सोडून ठेवा.

सव्वातीनला झोपला. सकाळी साडेआठला, पुण्याच्या, उठला. नकाशावर विमान अजून अर्ध्या वाटेवरही नव्हतं आणि माझी पिशवी रिकामी.

त्या आठ-नऊ तासांत जे चाललं ते बहुतेक विकत न आणलेलंच होतं. पहिला नंबर टिकल्यांचा. आईच्या पर्समध्ये टिकल्यांची दोन पाकिटं होती. एक टिकली पाकिटावरून सोडवायची, बोटावर घ्यायची, ट्रेवर लावायची. ट्रेवरून काढायची, आजीच्या नाकावर लावायची. वीस महिन्यांच्या बोटांना हे काम कठीण आहे, आणि कठीण आहे म्हणूनच वेळ जातो. पन्नास मिनिटं, घड्याळ लावून! स्टिकरची पुस्तकं यापुढे काहीच नाहीत. फक्त सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर हा खेळ नको, आणि एका वेळी दोन-तीनच हातात द्या. उतरण्याआधी खिडकीवरच्या टिकल्या काढून घ्या. आमच्या दोन राहिल्या असाव्यात.

दुसरे चुरमुरे. वाटीत दहाच चुरमुरे घालायचे, संपले की पुन्हा दहा. पोट भरायला दशम्या होत्या, आईने दुधात भिजवलेल्या, गूळ घातलेल्या. त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि त्यांचा चुरा होत नाही. राजगिऱ्याचा लाडू घरी ठेवा, तो सीटच्या फटीतून वर्षभर निघत राहील. शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं या वयाला घशात अडकायची भीती, तेव्हा नकोतच.

तिसरं चालणं. दोन हेलपाट्यांनंतर मागच्या पॅन्ट्रीतल्या मुलीने त्याला कागदी पेले दिले. त्याचा मनोरा रचायचा, पाडायचा. जेवण वाटायच्या वेळी मात्र तिकडे जाऊ नका, त्यांना हात हलवायला जागा नसते.

फोनबद्दल मी घरी कडक आहे, विमानात नाही. पण ज्या कार्टूनवर भरवसा ठेवला होता त्यावरून छोटूने पंधरा मिनिटांत मान फिरवली, हेडफोन तर डोक्यावर ठेवूच दिला नाही. टिकले ते फोनमधलेच त्याचे स्वतःचे व्हिडिओ, आवाज बंद करून. आजोबा झाडांना पाणी घालताहेत, तो मध्ये येऊन भिजतोय. तेच तेच वीस वेळा. निघण्याआधी असे तास-दीड तासाचे व्हिडिओ फोनमध्ये भरून ठेवा.

मग दुपारची झोप. एक वाजता, म्हणजे विमानातल्या बाराव्या तासाला, तो डोळे चोळायला लागला. मी थोपटत होते, मान टेकलीच होती, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी खिडकीचा पडदा वर केला. बाहेर लख्ख ऊन. झोप गेली ती गेलीच. त्यातच पट्टे बांधायची खूण झाली, विमान हलायला लागलं, आणि वीस मिनिटं तो माझ्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्यात अडकून रडला. मान मागे टाकून, लालबुंद होऊन. या वीस मिनिटांवर माझ्याकडे काही उपाय नाही. काहीजण आजूबाजूच्यांना माफीची चिठ्ठी आणि कानात घालायचे बोळे वाटतात म्हणे. मला ते पटत नाही. पोर रडतं, सगळ्यांना माहीत आहे. "औषध देऊन झोपव" हा सल्लाही मला तिघांनी दिला होता. आमच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, अशा औषधांनी काही मुलं झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात.

रडणं थोडं उतरल्यावर आई एकदम काकांकडे वळून म्हणाली, "तो आपका रुमाल जरा देना." तिने रुमाल त्रिकोणी घडी केला, टोकं आत घेतली, गुंडाळला, उलटला, दोन कान ओढून काढले आणि तळहातावर उंदीर ठेवला. शेपटीच्या बाजूने बोटाने हळूच ढकललं की तो मनगटावरून सुर्रकन वर पळायचा. छोटूचा हुंदका अर्ध्यावरच थांबला. मी लहानपणी हा उंदीर शंभरदा पाहिलाय आणि मला तो करता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. तास गेला त्यात. काकांनाही तो करायला शिकायचा होता.

शेवटची गंमत म्हणजे उतरायला तासभर असताना साहेब गाढ झोपले. विमान खाली यायला लागलं की कान जास्त दुखतात, वर जाताना तेवढे नाही, आणि झोपेत मूल कमी गिळतं. म्हणून जिवावर आलं तरी अर्धा तास आधी उठवला आणि पाणी, दशमी, पाणी असं चालू ठेवलं. तक्रार केली नाही.

उरलेली केळी विमानातच टाकून दिली. ताजी फळं अमेरिकेत नेता येत नाहीत, आणि बाकीच्या खाण्याबद्दल विचारतील तेव्हा आहे ते सगळं सांगून मोकळं व्हावं. बाबागाडी विमानाच्या दाराशी मिळेल असं आम्हाला सांगितलं होतं, ती निघाली सामानाच्या पट्ट्यावर. म्हणजे इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास साडेअकरा किलो कडेवर. कापडी झोळी किंवा कॅरियर हातातल्या पिशवीत ठेवाच. डायपर मात्र नीट पुरले. प्रत्येक बदलासाठी वेगळी पुडी केली होती, एक डायपर, चार ओले वाइप्स, एक प्लास्टिकची पिशवी. अख्खी बॅग त्या टीचभर टॉयलेटमध्ये न्यावी लागली नाही. आपलेही जादा कपडे घ्या, माझ्या कुर्त्याची दशा सांगत नाही. घरी पोचल्यावर चार रात्री तो दोन वाजता उठून "आजी, उंदी" करत होता. सकाळी उन्हात नेलं, दुपारची झोप आवरती घेतली, पाचव्या दिवशी गाडी रुळावर आली.

काकांनी रुमाल परत घेतलाच नाही. "रहने दो, उसका चूहा है." डिसेंबरपर्यंत छोटू दोन वर्षांचा होईल, त्याची स्वतःची जागा मी घेतली आहे. आईने आतापासूनच मला दुकानात पाठवून पुरुषांचे मोठे रुमाल आणायला लावलेत, माझ्या पर्समधला हातात धरून म्हणाली, "बायकांच्या या चिंधीचा उंदीर होत नाही गं, फार तर झुरळ होईल."