गमविरहित नारळाचे दूध : माझा अनुभव

आतड्याच्या दाहाच्या जुन्या दुखण्याने गेल्या वर्षी पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा डॉक्टरांच्या औषधांच्या जोडीला आहारतज्ज्ञ बाईंनी मला दोन पथ्ये सांगितली. काही काळ दूधदुभते बंद ठेवायचे आणि पाकीटबंद पदार्थांतील गम (दाटपणा आणणारे डिंकासारखे पदार्थ) व इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) टाळायचे. अडचण अशी होती की दुधाऐवजी जे नारळाचे दूध वापरायचे, त्याच्याच बहुतेक पाकिटांत दुसऱ्या पथ्यात न बसणारे घटक असतात. पुण्यात राहून, नोकरी सांभाळून, त्यातून वाट कशी काढली ते लिहिते आहे.

पाकिटाच्या दर्शनी भागाचा या कामी काही उपयोग नसतो. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत’ हे वाक्य बहुधा खरेच असते, कारण टेट्रापॅकमधील दूध अतिउच्च तापमानाच्या प्रक्रियेने आणि डब्यातील दूध डबा सीलबंद केल्यावर तापवून टिकवलेले असते. गम घालतात तो टिकवण्यासाठी नव्हे, तर नारळातील तेल आणि पाणी वेगळे होऊ नये म्हणून. त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या पाकिटात दोन-तीन गम असले, तरी त्या वाक्याला बाध येत नाही. पाहायची ती मागच्या बाजूची घटकांची यादी. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात आणि अॅडिटिव्हचे, म्हणजे वरून मिसळलेल्या पदार्थाचे, कार्य सांगून त्याचे नाव किंवा आयएनएस हा त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहावा लागतो. गम अत्यल्प प्रमाणात असल्यामुळे तो यादीच्या शेपटाला, सर्वांत बारीक टायपात सापडतो. मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचणे, हाच माझ्या वयाला झेपणारा उपाय ठरला.

क्रमांक मी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवले होते. नारळाच्या दुधात सर्वाधिक आढळतो तो 412, म्हणजे गवार गम, आणि त्याच्या खालोखाल 415, म्हणजे झँथन गम. समुद्री शेवाळापासून काढलेले कॅराजीनन 407 आणि कॅरोब या झाडाच्या बियांचा गम 410 क्रमांकाचा. जेलन 418 हा बदामाच्या वगैरे दुधात अधिक दिसतो. 466 म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि 435 म्हणजे पॉलिसॉर्बेट 60. या शेवटच्या दोघांची जातकुळी वेगळी आहे. 466 हा सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात, तर 435 हा गम नसून इमल्सिफायर आहे.

हा फरक आहारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितला म्हणून बरे झाले, नाहीतर मी सगळ्यांना एकाच तराजूत तोलले असते. गवार गम आपल्याच गवारीच्या वाळलेल्या, पक्व बियांपासून काढतात. त्याचे जगातले सर्वांत मोठे उत्पादन भारतात आणि तेही मुख्यतः राजस्थानात होते. झँथन मात्र एका जिवाणूकडून साखर आंबवून घेऊन तयार करतात. हे दोन्ही गम एक प्रकारचे विद्राव्य तंतू असून ते लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना कमी-अधिक आंबवतात, म्हणून काहींना त्यांनी वायू होतो, पोट फुगते, तर पुष्कळांना काहीच होत नाही. 466 विषयी संशोधकांना वाटणारी शंका निराळी आहे. 2015 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासात 466 आणि पॉलिसॉर्बेट 80 (435 चाच भाऊबंद) यांनी आतड्यातील जिवाणूंची घडी विस्कटून दाह वाढल्याचे दिसले होते. 2022 मध्ये 16 निरोगी माणसांना 11 दिवस नियंत्रित आहार देऊन केलेल्या चाचणीत रोज 15 ग्रॅम 466 घेणाऱ्यांच्या जिवाणूंमध्ये बदल आढळला. ही मात्रा नेहमीच्या खाण्यातून पोटात जाते त्यापेक्षा बरीच मोठी आहे, हे लक्षात ठेवले तर घाबरून जाण्याचे कारण उरत नाही. तरी माझ्यासारख्या रुग्णाने हा क्रमांक टाळावा, हे मला पटले.

नारळाच्या दुधाची पावडर मी लगेच बाद केली. अनेक पावडरींमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून केलेल्या पुडीबरोबर सोडियम केसिनेट असते आणि केसिनेट म्हणजे दुधातलेच प्रथिन. दूधदुभते बंद असलेल्याने ते घेऊन काय साधणार?

रास्ता पेठेतील दाक्षिणात्य किराणा दुकानांत आणि कॅम्पात आयात माल ठेवणाऱ्या दुकानांत फिरल्यावर ‘नारळाचा अर्क, पाणी’ एवढेच घटक असलेले डबे मिळाले. आयात डब्यांवर आयातदाराचा स्टिकर नेमका घटकांच्या यादीवर चिकटवलेला असतो, तो नखाने उचलून पाहण्याइतका निगरगट्टपणा मी कमावला. एका ऑनलाइन दुकानाने मात्र मनस्ताप दिला. फोटोतील लेबलवर गम नव्हता आणि घरी आलेल्या पाकिटावर 412 व 466 दोन्ही छापलेले होते. विचारले तेव्हा ‘फोटो केवळ माहितीसाठी आहे’ असे उत्तर आले. तेव्हापासून नवा माल मी हातात घेऊन वाचल्याशिवाय विकत घेत नाही. घटकांबरोबर स्निग्धांशही पाहते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नारळाच्या दुधात निदान 10 टक्के, ‘लाइट’ दुधात 5 टक्के आणि क्रीममध्ये 20 टक्के स्निग्धांश असावा लागतो, त्यामुळे आपण पाण्याचे पैसे किती देतो आहोत याचा अंदाज येतो.

गम नसलेला डबा उघडला की वर लोण्यासारखा घट्ट पांढरा थर आणि खाली किंचित राखाडी झाक असलेले पातळ पाणी दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो माल नासलेलाच वाटेल. खोबरेल सुमारे 24-25 अंशांखाली गोठते, म्हणून पुण्याच्या थंडीत डबा हलवला तरी आतून आवाजही येत नाही. गरम पाण्यात डबा थोडा वेळ ठेवून मग रवीने घुसळले की दूध एकजीव होते. फुगलेला डबा किंवा आंबूस वास मात्र कधीही चालवून घेऊ नये.

डबे महाग पडतात, म्हणून रोजच्यासाठी मी मंडईतून नारळ आणून घरीच रस काढते. कानाशी हलवल्यावर पाणी खळखळणारा, डोळ्यांपाशी कोरडा नारळ निवडावा. खोवलेला चव कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढून मलमलीच्या फडक्यात पिळला की पहिला दाट रस निघतो आणि चोथ्यात पुन्हा पाणी घालून वाटले की दुसरा पातळ. भाजी-आमटी पातळ रसात शिजवून दाट रस शेवटी, आच मंद करून घालावा, कारण उकळी आली की प्रथिने आळतात आणि गमचा आधार नसल्याने रस फुटतो. सोलकढीत आमसुलाच्या आंबटपणानेही तेच होते, म्हणून ती जेवायच्या वेळीच करून ढवळून वाढते. उरलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. वितळल्यावर तो रवाळ दिसतो. आमटीत ते कळत नाही, चहात मात्र कळते.

दुखणे आटोक्यात आल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी एकेक गम परत सुरू करून पाहायला सांगितले. एका वेळी एकच, थोड्या प्रमाणात, आणि मध्ये काही दिवस सोडून. गवार गमचा मला त्रास झाला नाही, त्यामुळे फक्त 412 असलेले स्वस्त टेट्रापॅक आता प्रवासात चालते. झँथनने पोट फुगले, तेव्हा ते तूर्त बंद आहे. 466 परत सुरू करण्याचा प्रश्न मी त्यांना विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ते नसलेली पाकिटे तुम्हाला आता ओळखता येतात, मग घाई कशाला करता?”