पूर्णत्वाचे नखरे

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘कम्प्लीट’, ‘टोटल’, ‘अटर’, ‘परफेक्ट’ आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हे शब्द काढून पाहिले, तर ‘पूर्ण’, ‘संपूर्ण’, ‘सर्वस्वी’, ‘निखालस’ हेच अर्थ आलटूनपालटून समोर येतात, आणि शाळेत त्यांची घोकंपट्टी केलेल्या माणसाला असे वाटत राहते की यांतला कोणताही शब्द उचलून कोणत्याही नामापुढे ठेवला तरी काम भागावे. ते भागत नाही. कशालाच मर्यादा नसल्याची ग्वाही देणारे हे शब्द स्वतः मात्र फार सोवळे पाळतात; कोणाच्या पंक्तीला बसायचे आणि कोणाच्या नाही, हे त्यांचे आधीच ठरलेले असते.

‘अटर’चेच पाहावे. हा शब्द ‘आउट’ या शब्दाच्या जुन्या रूपावरून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘अधिक बाहेरचा’ एवढाच होता. पुढे तो पार टोकापर्यंत गेलेल्या गोष्टींसाठी वापरला जाऊ लागला. परंतु त्याच्या वाट्याला आलेली टोके बहुतेक वाईटच आहेत: मूर्खपणा, गोंधळ, अपयश, अंधार, निराशा. ‘अटर ब्लिस’ असे लिहिणारेही आहेत, नाही असे नाही. पण परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचे कौतुक कोणी ‘अटर सक्सेस’ म्हणून केले, तर त्या कौतुकात कुठेतरी खडा लागतो. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. आपल्याकडेही चोर अट्टल असतो, बहिरा ठार असतो, नकार साफ असतो आणि झोप गाढ असते. यांतले एकही विशेषण आपण शेजारच्या नामाला उसने देत नाही, आणि ‘धादांत खरे’ बोलणारा माणूस मराठीत अजून जन्माला यायचा आहे.

‘परफेक्ट’ त्या मानाने मोकळ्या स्वभावाचा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘शेवटापर्यंत करून झालेले’ असा आहे, आणि निर्दोषपणा हा त्याला नंतर चिकटलेला गुण आहे. म्हणूनच ज्याच्याशी काडीचीही ओळख नाही असा माणूस इंग्रजीत ‘परफेक्ट स्ट्रेंजर’ होऊ शकतो आणि अळणी, करपलेले जेवण उरकले तरी त्याचा काळ ‘परफेक्ट टेन्स’च राहतो. या शब्दाला तर-तम भाव लावू नये, कारण पूर्णाहून अधिक पूर्ण काही नसते, असा नियम इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत सांगितलेला असतो. आणि अमेरिकेच्या 1787च्या राज्यघटनेचे पहिलेच वाक्य ‘मोअर परफेक्ट युनियन’ घडवण्याचा संकल्प सोडते. आधीचा संघ विस्कळीत होता, नवा अधिक पुरता व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता. मला या भांडणात व्याकरणापेक्षा घटनाकारांची बाजू पटते.

या सगळ्यांत खरा रुबाब आहे तो ‘अ‍ॅब्सोल्यूट’चा. त्याचा मूळ अर्थ ‘भरलेले’ असा नसून ‘सोडवलेले’, ‘कशालाही न बांधलेले’ असा आहे, आणि हा अर्थ कायद्याच्या भाषेने अजून जपून ठेवला आहे. मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका मंजूर झाली की निकालपत्राच्या शेवटी पुष्कळदा ‘रूल इज मेड अ‍ॅब्सोल्यूट’ असे वाक्य येते. जुन्या रिवाजाप्रमाणे न्यायालय आधी ‘रूल निसी’ काढते, म्हणजे समोरच्या पक्षाने योग्य कारण दाखवले नाही तर हा आदेश कायम होईल असे बजावते. ते कारण टिकले नाही की ‘निसी’मधली अट गळून पडते आणि आदेश मोकळा होतो. इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा अंतिम हुकूमही ‘डिक्री अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणवला जात असे. 6 एप्रिल 2022पासून तिथे त्याला साध्या भाषेत ‘फायनल ऑर्डर’ म्हणतात. अर्ज करणाऱ्यांची सोय झाली हे मान्य करूनही, लग्नाच्या बंधनातून सुटलेल्या माणसाच्या कागदावर ‘सोडवलेले’ हाच शब्द होता, ही गंमत गेली याची थोडी हळहळ वाटते.

हाच शब्द रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला की त्याची पंचाईत होते. मद्यार्क आणि पाणी यांचे मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनाने कितीही वेळा गाळले, तरी वजनाने सुमारे 95.6 टक्क्यांच्या पुढे मद्यार्क शुद्ध होत नाही, कारण त्या टप्प्यावर दोन्ही द्रव एकाच तापमानाला एकत्रच उकळतात. उरलेले पाणी काढण्यासाठी पूर्वी त्यात कळीचा चुना घालून ठेवत आणि मग पुन्हा ऊर्ध्वपातन करत. तेव्हा कुठे ‘अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल’ हाती येई. आज त्याची बाटली उचलून पाहिली, तर ठळक अक्षरांतल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट’च्या खालीच बारीक अक्षरांत 99.9 टक्के असा आकडा छापलेला आढळतो. बूच उघडे राहिले तर हवेतला दमटपणा ओढून घेऊन तो आकडाही खाली येऊ लागतो, आणि जुलै महिन्यातल्या मुंबईत तर त्याला फार वाट पाहावी लागत नाही.

बारीक अक्षरांचा खरा सुकाळ मात्र ‘अनलिमिटेड’च्या पदरी आहे. हा शब्द आता मराठीच झाला आहे, म्हणून त्याच्याविषयी फार सांगायला नको. ‘अनलिमिटेड थाळी’च्या पाटीखाली ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’, ‘पार्सल मिळणार नाही’ आणि ‘गोड पदार्थ एकच वाटी’ अशी कलमे असतात. मोबाइलचे अनलिमिटेड इंटरनेट दिवसाचे दीड-दोन जीबी संपले की इतके मंदावते की ते चालू आहे हे सिद्ध करायला वकील लावावा. दुकानदाराला यात खोटे बोलल्यासारखे वाटत नाही आणि गिऱ्हाइकालाही फसल्यासारखे वाटत नाही, कारण तारांकित चिन्ह हा या शब्दाचाच एक अवयव असल्याचे दोघांनीही मनोमन मान्य केले आहे. तारांकित चिन्हाशिवायचा ‘अनलिमिटेड’ पाहायचा असेल, तर 2013च्या कंपनी कायद्यात पाहावा. ‘अनलिमिटेड कंपनी’ स्थापन करण्याची मुभा त्यात आहे. तिच्या सभासदांवर कंपनीच्या देण्यांची जी जबाबदारी येते तिला खरोखरच मर्यादा नसते, आणि अशी कंपनी काढायला सहसा कोणी पुढे येत नाही.