अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून पावणेतीन सेंटिमीटरची लाट: माझा अनुभव

धातूत तरंगलांबीपेक्षा कितीतरी अरुंद फटी ठेवल्या, तर त्यांतून प्रकाश नावापुरताच जाईल असं वाटतं. 1999 साली पोर्टो, गार्सिया-विदाल आणि पेंड्री यांनी गणिताने दाखवलं की ठराविक तरंगलांबीला त्यातला बराचसा आरपार जातो. त्यांची जाळी सोन्याची होती, आवर्तन (एका फटीपासून पुढच्या फटीपर्यंतचं अंतर) 3.5 मायक्रोमीटर आणि फट 0.5 मायक्रोमीटर. तशी जाळी कोरायला क्लीन रूम लागते. पण हा खेळ मापांच्या गुणोत्तराचा आहे, म्हणून मी सगळं हजारो पटींनी मोठं केलं आणि प्रकाशाऐवजी 8 ते 12 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह वापरल्या.

सामान साधं आहे. अर्धा इंची, म्हणजे 12.7 मिमी चौरस ॲल्युमिनियम बारचे 320 मिमी लांबीचे 24 तुकडे, 0.5 मिमी जाडीचे स्टीलचे शिम (फटीची रुंदी राखणाऱ्या पातळ पट्ट्या), लाकडी फ्रेम आणि क्लँप. शिम फक्त दोन्ही टोकांना, लाटेच्या वाटेबाहेर बसवायचे. आवर्तन 13.2 मिमी होतं आणि उघडी जागा जेमतेम 3.8 टक्के. बार उभे ठेवले, तर लाट सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या कर्ण्यासारख्या हॉर्न अँटेनाचं विद्युतक्षेत्र आडवं, फटींना काटकोनात हवं.

बार निवडताना कोपरे बघा. एक्स्ट्रूजनच्या (साच्यातून दाबून काढलेल्या) बारचे कोपरे गोल असले, की फटीची खोली दोन्ही बाजूंनी कमी होते आणि शिखर, म्हणजे जिथे सर्वाधिक लाट आरपार जाते ती वारंवारता, वर सरकतं. मी समोरासमोरच्या बाजू मिलिंग करून धारदार केल्या आणि बर (कापताना कडेला उरलेला धातूचा खरखरीत भाग) काढून टाकली. दुसरी अडचण बार वाकण्याची. टोकं घट्ट आवळूनही मधे फट 0.3 ते 0.7 मिमी अशी बदलते. फीलर गेज (ठराविक जाडीच्या पात्यांचं मापक) घालून प्रत्येक फट तीन ठिकाणी तपासावी लागते. मधे आधार द्यायचा, तर जागा विचारपूर्वक निवडायची. पहिल्या अनुनादात (खोलीत अर्धी तरंगलांबी बसते तेव्हा) फटीतलं विद्युतक्षेत्र पुढच्या-मागच्या तोंडांशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर शून्य असतं. पॉलिएस्टरचा 2 मिमीचा तुकडा तिथे बसवला, तर मापनाला त्याचा पत्ताही लागत नाही. हेच पॉलिएस्टर पूर्ण फटीत भरलं, तर शिखर 8 गिगाहर्ट्झच्या खाली, पट्ट्याबाहेर जातं.

शिखर कुठे यायला हवं? फट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी. खोलीत अर्धी तरंगलांबी बसवली, तर 25.4 मिमी, म्हणजे 11.8 गिगाहर्ट्झ येतं. प्रत्यक्षात शिखर 11 च्या किंचित खाली मिळतं, आणि इथेच बहुतेकांना मापन चुकल्याची शंका येते. चूक नसते. बारावीच्या अनुनाद नळीत टोकाची दुरुस्ती करतो, तीच इथे लागते. क्षेत्र तोंडाबाहेर थोडं फुगतं, आणि या मापांसाठी माझ्या हिशेबाने प्रत्येक तोंडाशी जवळजवळ फटीच्या रुंदीइतकी, 0.49 मिमी, भर पडते. परिणामी खोली 13.68 मिमी, तरंगलांबी 27.4 मिमी आणि वारंवारता 10.96 गिगाहर्ट्झ.

म्हणजे शिखराची जागा मुख्यतः खोली ठरवते. रुंदीच्या वाट्याला शिखराची धार येते. 0.5 मिमी फटीला शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी साधारण 0.53 गिगाहर्ट्झ, 0.25 मिमी फटीला त्याच्या निम्मी. शिखरावर आदर्श पारगमन (आरपार जाणारा वाटा) पहिल्यात सुमारे 93 टक्के, दुसऱ्यात 75. लाट अरुंद फटीत जास्त फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत भिंती थोडी ऊर्जा खातात. फटी एकसारख्या नसतील, तर हातात येणारा आकडा आणखी उतरतो. शिखरापासून दूर, 8 गिगाहर्ट्झला, फक्त 1 टक्का जातं.

मोजताना दोन्ही हॉर्न जाळीपासून 1 मीटरवर ठेवले. फ्रेमभोवती धातूचा मोठा पत्रा, त्याच्या कडांना शोषक फोम. आधी त्याच खिडकीतून जाळीशिवाय वाचन घ्यायचं आणि पुढचं प्रत्येक वाचन त्याने भागायचं. नेटवर्क ॲनालायझरवर (प्रत्येक वारंवारतेला किती लाट पोचली ते मोजणाऱ्या यंत्रावर) टाइम गेट (ठराविक वेळात आलेलीच लाट मोजण्याची मर्यादा) लावताना सांभाळा: लाट फटीत सुमारे 0.6 नॅनोसेकंद रेंगाळते. गेट 1 नॅनोसेकंदाचं ठेवलं, तर शिखर चपटं होतं. 6 नॅनोसेकंद पुरतात, आणि हॉर्नांमधला 13 नॅनोसेकंदांचा प्रतिध्वनीही बाहेर राहतो.

गळती तपासायला दोन्ही हॉर्न 90 अंश फिरवा. आता क्षेत्र फटींना समांतर आहे, आणि या दिशेला फट 1 मिमीपेक्षा लांब लाट पुढे जाऊच देत नाही. हिशेबाने क्षीणन (लाटेतली घट) शेकडो डेसिबल येतं. तरीही पडद्यावर उणे 40 डेसिबल दिसत असेल, तर ते सगळं कडांवरून वळून आलेलं आहे. ते बंद केल्याशिवाय पुढचं वाचन घेऊ नका.

या जाळीत आवर्तन तरंगलांबीपेक्षा बरंच कमी असल्यामुळे आवर्तनाचा स्वतःचा परिणाम या पट्ट्यात दिसत नाही. तो बघायला एक इंच रुंद, अर्धा इंच जाड पट्ट्यांची दुसरी जाळी केली: आवर्तन 25.9 मिमी. तरंगलांबी आवर्तनाएवढी होते तिथे, 11.57 गिगाहर्ट्झला, पारगमन कोसळतं आणि शिखर खाली 10.5 च्या आसपास ढकललं जातं. पृष्ठभागावरून सरपटणारी लाट इथे मदत करण्याऐवजी वाट अडवते. पहिल्या वाचनात हे पटायला जड जातं. ही दरी कोनाला फार हळवी आहे. जाळी फटींच्या अक्षाभोवती 1 अंश फिरली, तरी तिचे दोन तुकडे होतात, 11.37 आणि 11.78 ला. जोडी दिसली, की फ्रेमखालचे स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत जायचं. दोन्ही दऱ्या एकमेकींत मिसळल्या, तेव्हाच लाट जाळीवर लंब पडते आहे.