मसाई पठारावरची चाकोरी

चाकोरी हा शब्द आपण आता बहुधा ‘चाकोरीबाहेरचे’ असे म्हणतानाच वापरतो. चाकांनी पाडलेली खरीखुरी चाकोरी मी जवळून पाहिली ती मसाई पठारावर, आणि ती माझ्याच गाडीची होती.

चार वर्षांपूर्वी, गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी, आम्ही कोल्हापुराहून सहकुटुंब निघालो आणि पन्हाळा ओलांडून पठारावर पोहोचलो, तेव्हा कच्च्या वाटेच्या कडेला गाड्यांची रांग लागलेली होती. मुलांना फार चालावे लागू नये एवढ्याच विचाराने मी गाडी वाट सोडून आत, फुलांच्या अगदी कडेपर्यंत नेली. गुरे राखणाऱ्या एक वयस्क धनगर मावशी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “दादा, गाडी हितनं काढा. चाक रुतलं की सालोसाल तिथं काय उगवत न्हाई.” मी ओशाळून गाडी मागे घेतली, पण तोवर दोन ओळी उमटल्या होत्या.

मावशींचे म्हणणे किती नेमके होते, ते पुढे वाचन केल्यावर कळले. असे पठार म्हणजे सडा: वर जांभा खडक आणि त्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. पावसाळ्यात खडकावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि या मातीत नत्र इतके कमी असते की काही वनस्पतींना कीटकांवर गुजराण करावी लागते. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक अडकवते, तर सीतेची आसवे आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून घेते. त्यांच्या शेजारी गेंदाची पांढरी बोंडे उभी असतात. चाकाखाली माती दाबली गेली की पाण्याचा निचरा बदलतो, आणि एवढ्याशा मातीत रुजलेले बी तिथे पुन्हा सहजासहजी तग धरत नाही.

मग तुमची गुरे कशी चालतात, असा प्रश्न मी त्या दिवशी, थोडा चिडूनच, मावशींना विचारला होता. “गुरं गवत खात्यात म्हून तर फुलं दिसत्यात,” त्या म्हणाल्या. मला ती पळवाट वाटली होती. सातारच्या कास पठाराचा समावेश 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाच्या स्थळांत झाला, पर्यटकांची गर्दी आवरण्यासाठी तिथे कुंपण आले, गुरांची चराई थांबली, आणि वाढलेल्या उंच गवतात फुले घुसमटत असल्याची तक्रार स्थानिक व अभ्यासक करू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. हे वाचले तेव्हा मावशींची आठवण झाली.

जे पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या जागी राहतात, त्यांचे ऐकून घेणे हा मला आता प्रवासाचाच भाग वाटतो. शाहूवाडी, आजरा, चंदगड भागांतल्या देवरायांत जुनी माणसे चपला बाहेर काढतात आणि वाळकी काटकीही उचलत नाहीत. बाहेरून गेलेल्याने एवढा नियम पाळायला देवावर श्रद्धा असण्याचीही गरज नाही. धनगरवाड्यावर दारातल्या बाईचा फोटो न विचारता काढू नये, हेही खरे तर कोणी सांगायला नको. आणि 1660 सालच्या त्या रात्रीची आठवण म्हणून दर पावसाळ्यात याच पठारावरून पन्हाळा ते पावनखिंड पायी जाणाऱ्या हजारो जणांपैकी, जयजयकार करता करता वेफर्सची रिकामी पुडी झुडपात भिरकावणाऱ्याला काय म्हणावे, ते मला अजून सुचलेले नाही.

यंदा भाद्रपदात गाडी रस्त्यालगत ठेवून आम्ही चालत गेलो. मुलांना मसाई देवीच्या देवळापर्यंत चालताना काहीही झाले नाही, उलट धाकटीने दवबिंदूच्या पानावर अडकलेली माशी स्वतः शोधून काढली. मावशी दिसल्या नाहीत. त्यांच्या वाड्यावरच्या मुलाने त्या खाली लेकीकडे गेल्याचे सांगितले आणि आम्हाला ताक दिले. पैसे घेताना तो संकोचला, पण मी आग्रह केला. परतताना मी मुद्दाम जुन्या जागेवर गेलो. सभोवती सोनकी पिवळीधमक फुलली होती, आणि तिच्यामधून दोन उघड्या पट्ट्या सरळ गेल्या होत्या, ज्यांत पावसाचे पाणी साचले होते.