आजोळासाठी टाकलेले २१ चेंडू

रात्री साडेअकराला मेसेज आला, ‘उद्या सहाला दार उघडाल का?’ आमचं क्लिनिक सातला उघडतं. एखादा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, वेळेच्या आधी आणि मागच्या दाराने येतो म्हणतो, तेव्हा फार खोदून विचारावं लागत नाही. त्याला कुठेतरी दुखतंय आणि ते क्लबच्या कानावर जायला नकोय.

तारीख होती १० मार्च २०२३, शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून इथे फिनिक्सच्या चेस फील्डवर वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचे सामने सुरू होणार होते. मी मूळची सांगली जिल्ह्यातली. फिजिओथेरपी पुण्यात केली, सुरुवातीची काही वर्षं कोल्हापूर-सांगलीकडच्या वेगवान गोलंदाजांच्या कमरा सांभाळल्या आणि गेली अकरा वर्षं अ‍ॅरिझोनात बेसबॉलवाल्यांचे खांदे-कोपर बघतेय. फिनिक्सच्या आसपास १५ क्लबांचे सराव-तळ आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये या शहरात जितके महागडे उजवे हात फिरत असतात, तितके जगात दुसरीकडे क्वचितच असतील.

ही स्पर्धा म्हणजे बेसबॉलचा विश्वचषकच. २००६मध्ये सुरू झाली. खेळतात मार्चमध्ये, म्हणजे अमेरिकेतला मुख्य मोसम सुरू व्हायच्या ऐन तोंडावर. त्या वर्षी मोसम ३० मार्चला सुरू होणार होता. पगार देणार क्लब आणि खेळाडू दोन-तीन आठवडे देशाकडे. आपल्याकडे ओरड उलटी असते, आयपीएल खेळून दमला आणि देशाच्या वेळी जायबंदी झाला. इथे देशासाठी खेळायला गेला आणि क्लबचं नुकसान केलं, म्हणून बोंब होते.

माझा हा पोरगा चोवीस वर्षांचा. मेजर लीग म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, तिच्या एक पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये. जन्म अमेरिकेतला, पण आई-वडिलांपैकी एकाच्या देशाकडून खेळायची या स्पर्धेत मुभा असते आणि त्याच्या आईच्या देशाने त्याला बोलावलं होतं. तो देश कुठला ते लिहीत नाही. माझ्या आईला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की तो आजोळाकडून खेळतोय. तिला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. जर्सीवर त्याने आईचं माहेरचं आडनाव लावून घेतलं होतं आणि ती सामन्याला येणार होती.

तोवर ट्रिपल-एच्या खेळाडूला वर्षाकाठी १७,५०० डॉलर मिळत. त्याच महिन्याच्या अखेरीला नवा करार झाला आणि ती रक्कम ३५,८०० झाली. म्हणजे टीव्हीवर ज्यांच्या कोट्यवधींची चिंता चालते, त्यांच्यातला हा नव्हे. हा हिवाळाभर एका गोदामात सामान उचलायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे यायचा.

‘दुखतंय?’

‘दुखत नाही. पण आहे.’

हे वाक्य मी इतक्या पिचरांच्या तोंडून ऐकलंय, की त्याची मला दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती नीट करणारे कमी आहेत. माणसाला उताणं झोपवायचं. दंड अंगापासून ९० अंशांवर, कोपर ९० अंशांत वाकवलेलं, दंडाखाली टॉवेलची घडी. खांद्याचा पुढचा भाग तळव्याने घट्ट दाबून धरायचा आणि मग हात मागे किती वळतो, पुढे किती वळतो ते मोजायचं. हे दाबून धरणं बरेच जण सोडून देतात. मग खांद्याचं पातं उचललं जातं आणि आकडा खोटाच चांगला येतो. मी एकटी मोजत नाही. एक जण धरतो, दुसरा मोजतो. त्या दिवशी सहाला दुसरं कोणी नव्हतं म्हणून डाव्या तळव्याने धरून उजव्या हाताने मोजलं, आणि खात्री वाटेना म्हणून तीनदा मोजलं.

जानेवारीत त्याचा उजवा खांदा मागे ११८ आणि पुढे ५२ अंश वळत होता, बेरीज १७०. डाव्याची १६९. पिचरचा फेकीचा हात मागे जास्त वळतो आणि पुढे कमी. लहानपणापासून फेकून फेकून हाडाचीच घडण तशी होते, त्यात वावगं काही नाही. बघायची असते ती बेरीज. त्या सकाळी ११६ आणि ४३ आले. १५९. जानेवारीपेक्षा ११ अंश कमी. खांदा बाहेर वळवण्याची ताकद डायनॅमोमीटरवर १४ टक्के उतरलेली.

मग कोपर. आपल्याकडे मला नेहमी विचारतात, हे कोपर वाकवून टाकतात, मग नो-बॉल नाही का? नाही, आणि म्हणूनच यांची दुखणी वेगळी. क्रिकेटच्या गोलंदाजाचं कोपर सरळ राहतं, मार कमरेच्या मणक्यावर बसतो. पिचरचा हात गोफणीसारखा फिरतो. खांदा आतल्या बाजूला वळतो तो सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपासच्या वेगाने, आणि कोपराची आतली बाजू त्या क्षणी उघडू पाहते. तिला धरून ठेवणारा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, बोटाच्या एका पेराहून फार मोठा नसतो. मृतदेहातला हा लिगामेंट सुटा ताणला, तर साधारण ३२ न्यूटन-मीटरला तुटतो. फेकीत कोपरावर येणारा ताण याच्या दुप्पट. वरचा भार हाताचे स्नायू उचलतात. ते दमले, की हिशेब लिगामेंटकडे येतो.

त्याची एक तपासणी आहे. कोपर वाकवायचं, तळवा वर आणि अंगठा धरून खाली ओढायचा, अगदी गाईची धार काढतात तसा. इंग्रजीतलं तिचं नावही धार काढण्यावरूनच पडलंय. मी गोठ्यात वाढलेली. ही तपासणी शिकवली तेव्हा वर्गात माझाच हात सगळ्यात आधी बरोबर बसला होता. सडावर जोर नेमका किती द्यायचा हे ज्या बोटांना कळतं, त्यांना पुढे सांगावं लागत नाही. मी त्याचा अंगठा ओढला. त्याने ‘आई गं’ केलं नाही. फक्त पलीकडचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.

आता यात एक गोम आहे आणि तीच आजवर माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्या दुपारी त्याने सरावात तीसेक चेंडू जोरात टाकले होते. पिचिंगनंतर खांद्याचं पुढचं वळण नऊ-दहा अंशांनी घटतं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असतं, हे अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे माझे ११ अंश ही नुसती आदल्या दिवसाची दमणूक असू शकत होती. किंवा पुढच्या संकटाची पहिली खूण. तीन दिवस हात बांधून परत मोजलं असतं तर कळलं असतं. तीन दिवस नव्हते.

त्याने विचारलं, ‘टाकू का?’

मी त्याला आकडे सांगितले. सगळे सांगितले, काही लपवलं नाही. पण चांगले आकडे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात सांगितले. ‘थोडं घटलंय, कालच्या सरावाचं असेल, स्लायडर कमी टाक, बुलपेनमध्ये वीस चेंडूंनी गरम होण्याऐवजी बारा टाक, खांद्याची मागची बाजू रात्री ताणून घे.’ (स्लायडर म्हणजे वेगात येऊन शेवटी बाजूला वळणारा चेंडू आणि बुलपेन म्हणजे सामन्याआधी हात गरम करायची जागा.) एकही वाक्य खोटं नव्हतं. ‘टाकू नकोस’ हे मात्र मी म्हटलं नाही. त्याचा चेहरा समोर होता, त्या जर्सीचा फोटो त्याने आल्या आल्या दाखवला होता.

क्लबला कळवायचा प्रश्न नव्हता. रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय इथे कुणाला देता येत नाही आणि ते योग्यच आहे. नोंद लिहिताना मात्र मी अडले. ‘न टाकण्याचा सल्ला दिला’ असं लिहावंसं वाटलं. नंतर आलेल्या आमच्या वरिष्ठांना दाखवलं, तर ते म्हणाले, ‘दिला होतास का? नाही ना? मग नको लिहू.’ माणूस कोरडा आहे, पण त्या दिवशी त्याचंच खरं होतं.

दोन दिवसांनी तो मैदानात उतरला. २१ चेंडू, एक डाव, एकही धाव नाही. मी टीव्हीवर प्रत्येक चेंडू मोजत होते. स्लायडर त्याने नऊ टाकले. एरवीपेक्षा जास्तच.

आणि मग १५ मार्च. मायामीत प्वेर्तो रिकोने डॉमिनिकन रिपब्लिकला ५-२ हरवलं. शेवटचा गडी बाद करणारा एडविन डियाझ सहकाऱ्यांबरोबर आनंदाने उड्या मारताना कोसळला. उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध फाटला. चारच महिन्यांपूर्वी न्यूयॉर्क मेट्सबरोबर त्याचा पाच वर्षांचा १० कोटी २० लाख डॉलरचा करार झालेला. त्याला व्हीलचेअरवरून नेताना त्याचा भाऊ रडत होता. तीन दिवसांनी अमेरिका-व्हेनेझुएला सामन्यात व्हेनेझुएलाच्या होजे आल्टुवेच्या अंगठ्यावर चेंडू बसून हाड मोडलं आणि त्याचे मोसमातले पहिले ४३ सामने बुडाले. मग विचारू नका. बंद करा ही स्पर्धा, नुसती प्रदर्शनी, खेळाडूंना अक्कल नाही. आमच्या क्लिनिकच्या वेटिंगमधला टीव्ही दिवसभर हेच ओकत होता.

मला त्या चर्चेची चीड येते. डियाझचा गुडघा आणि फेकण्याचा काडीचा संबंध नव्हता. उड्या मारताना तो क्लबच्या विजयानंतरही फाटला असता. त्याच्या त्या वर्षीच्या पगाराची भरपाई विम्यातून झाली. विम्याचं हे जाळं एवढं पक्कं आहे, की क्लेटन कर्शॉसारख्या नावाजलेल्या पिचरला त्या वर्षी विमा मिळाला नाही म्हणून अमेरिकेकडून खेळताच आलं नाही. म्हणजे पैशाची काळजी घेणारे खूप आहेत. हाताची काळजी कोण घेतं ते विचारा. स्पर्धेत चेंडूंवर मर्यादा आहे. त्या वर्षी पहिल्या फेरीत ६५, पुढे ८०, शेवटी ९५. ३० टाकले तर एक दिवस विश्रांती, ५० टाकले तर चार दिवस. नियम चांगलेच आहेत. पण ते चेंडू मोजतात, जोर मोजत नाहीत. एरवी पिचर मार्चमध्ये हळूहळू चढत जातो. आज एक डाव, चार दिवसांनी दोन, फलंदाज कोण आहे याला महत्त्व नसतं, चुकलं तरी चालतं. इथे १० मार्चच्या सुमाराला, आई प्रेक्षकांत बसलेली असताना, त्याला ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मोसमाच्या निर्णायक सामन्यांत, टाकतात तसे टाकायचे असतात. माझ्या पोराचे २१ चेंडू नियमाच्या कुठल्याच चौकटीत अडकत नव्हते. हवं तर दुसऱ्या दिवशीही टाकू शकला असता.

१७ तारखेला तो परत आला. मी मोजलं. बेरीज १६७. ताकदही बरीचशी परत. अंगठा ओढला, टेबलावरचा हात सैल होता. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्याला चहा करून दिला, आल्याचा.

२१ मार्चच्या अंतिम सामन्यात जपानच्या शोहेई ओहतानीने अमेरिकेच्या माइक ट्राउटला बाद करून जपानला ३-२ जिंकून दिलं. जगभर वाहवा झाली आणि स्पर्धेविरुद्धची ओरड रात्रीत विरली.

मेमध्ये एका थंड रात्री, कुठल्याशा साध्या लीग सामन्यात, तीन-साडेतीन हजार लोकांसमोर, माझ्या पोराचा लिगामेंट गेला. त्या डावातला सातवा चेंडू. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली तीच, दुसरीकडचा स्नायुबंध घेऊन कोपरात ओवायची. त्याच्या क्लबात कुणीही मार्चचं नाव काढलं नाही. काढणार कसं? मार्चमध्ये त्याला काही झालंच नव्हतं. ऑगस्टमध्ये ओहतानीच्याही कोपराचा तोच लिगामेंट फाटल्याचं कळलं. त्या दोघांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मार्चमध्ये देशासाठी एक चेंडूही न टाकलेल्या कितीतरी पिचरांचे कोपर त्या वर्षी गेले. तरी त्या रात्री मी जुनी फाईल काढून १५९ हा आकडा बघत बसले होते.

त्याची पुढची तयारी आमच्याकडेच झाली. पाच महिन्यांनी पहिला चेंडू, ४५ फुटांवरून, मी स्वतः झेलला. माझ्या हातमोज्यात तो एवढा अलगद पडला, की आवाजच झाला नाही. आम्ही दोघं १० मार्चबद्दल कधी बोललो नाही.

या जानेवारीत फोन आला. २०२६च्या स्पर्धेसाठी आजोळाने परत बोलावलंय. यंदा फिनिक्समध्ये सामने नाहीत, पण जायच्या आधी मोजून द्याल का, सकाळी सहाला? मी म्हटलं, देते, पण आदले तीन दिवस चेंडूला हात लावायचा नाही, आठवड्याच्या अंतराने दोनदा यायचं, आणि आकडा घटलेला दिसला तर मी तुला या वेळी तोंडावर ‘जाऊ नकोस’ म्हणून सांगणार आहे.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मागच्या वेळी सांगितलं होतंत की.’

बोलणं तिथून दुसरीकडे गेलं. मी काय सांगितलं होतं, ते त्याला विचारायचं राहिलं.