शिरोलीतल्या ट्रॉलीच्या रुळांचा सांधा

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मोल्डिंग शेडमधून फेटलिंग शेडकडे, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या शेडकडे, कास्टिंग नेणारी आणि रुळांवरून चालणारी ट्रान्सफर ट्रॉली आहे. भरलेल्या ट्रॉलीचे वजन २० टनांच्या घरात जाते, म्हणजे एकेका चाकाखाली साधारण ५ टन येतात. रूळ मीटरला ५२ किलो वजनाचे, रेल्वेच्या भंगारातून घेतलेले. ट्रॉलीच्या वाटेत साच्यांची वापरलेली वाळू परत नेणारा कन्व्हेयर जमिनीखालून आडवा जातो. तेथे काँक्रीटमध्ये खड्डा असून त्यावरचे ६ मीटर लांबीचे दोन रूळ लोखंडी गर्डरवर टेकवलेले आहेत. कन्व्हेयरची दुरुस्ती निघाली की हे दोन तुकडे उचलावे लागतात, म्हणून त्यांचे चारही सांधे बोल्टचेच ठेवणे भाग आहे. हेच चार सांधे वारंवार निकामी होत होते. बोल्ट तुटत, दोन रुळांची टोके दोन्ही बाजूंनी जोडणाऱ्या पट्ट्या वाकत आणि ट्रॉली खड्ड्याच्या काठावर आली की असा दणका बसे की वरचे कास्टिंग सरकते की काय अशी भीती वाटे. शिवाजी उद्यमनगरातील माझ्या कार्यालयात निरोप आला तो एवढाच, की सध्याच्यापेक्षा मजबूत सांधा डिझाइन करून हवा.

मालकांच्या मनात उपाय तयार होता. २० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांऐवजी ३२ मिलिमीटरच्या घालायच्या आणि चार बोल्टांऐवजी सहा. ऐकायला हे पटण्यासारखे आहे, पण आकडे मांडले की त्यातली मर्यादा लगेच दिसते. ५२ किलोच्या रुळाची उंची १५६ मिलिमीटर आणि त्याचा जडत्वाघूर्ण, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे छेदाचे माप, २१५८ सेंटिमीटर चतुर्घात आहे. रुळाच्या माथ्याखाली आणि तळावर मावणारी ९० मिलिमीटर उंचीची, २० मिलिमीटर जाड पट्ट्यांची जोडी याच मापात जेमतेम २४३ भरते, म्हणजे रुळाच्या नवव्या हिश्श्याइतकी. जाडी ३२ केली तरी आकडा ३८९ च्या पुढे जात नाही, म्हणजे रुळाचा पाचवा हिस्साही होत नाही. जाडी वाढवली तर ताठपणा फक्त त्याच पटीत वाढतो, उंची वाढवली तर तिच्या घनाच्या पटीत वाढतो. आणि उंची वाढवायला रुळाच्या माथ्याखाली जागाच नसते. रूळ सलग असताना जे करतो ते पट्टीने सांध्यावर करावे, ही अपेक्षाच पुरी होण्यासारखी नाही. त्यामुळे पट्टीवर वाकण्याचा भार मुळात कमी कसा येईल, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर कागदावर मिळणार नव्हते, सांधा उघडून पाहणे आवश्यक होते.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ट्रॉली थांबवून चारही सांधे खोलायचे ठरले. देखभाल विभागातील एका फिटरने त्या दिवशी आपल्या मामांना सोबत आणले होते. मामा रुकडीचे, रेल्वेत मिरज–कोल्हापूर मार्गावर गँगमन म्हणून लागून मुकादम होऊन निवृत्त झालेले. फिशप्लेट, म्हणजे रुळांच्या सांध्यावरची पट्टी, आणि बोल्ट यांच्याशी त्यांचा जितका संबंध आला तितका आमच्यापैकी कोणाचाच आलेला नव्हता, आणि ते आले याचा मला मनापासून आनंद झाला.

पहिली पट्टी निघताच मामांनी ती उलटी करून कॉटन वेस्टने पुसली आणि उन्हात धरली. पट्टीच्या मधल्या भागात, बोल्टांच्या छिद्रांभोवती, घासून चकचकीत झालेले गोल डाग होते. वरच्या आणि खालच्या कडांवर मात्र जुना गंज आणि काळी वाळू जशीच्या तशी बसलेली होती.

"साहेब, ही पट्टी रुळाला धरतच न्हाई," मामा म्हणाले. "नुसती पोटाला चिकटून बसलीया. वरनं-खालनं पाचर ठोकल्यागत बसाय पायजे. आनि मधी पोटाजवळ फट दिसाय पायजे."

सांध्याचे सगळे मर्म या तीन-चार वाक्यांत होते. रुळाचा माथा आणि तळ यांच्यामधला उभा भाग म्हणजे पोट. माथ्याची खालची बाजू आणि तळाची वरची बाजू या दोन्ही उतरत्या असतात. फिशप्लेट या दोन उतारांच्या मध्ये शिरते आणि बोल्ट आवळला की ती पाचरीसारखी आत सरकत जाऊन दोन्ही उतारांवर घट्ट टेकते. चाकाचा भार माथ्याकडून पट्टीकडे आणि पट्टीकडून शेजारच्या रुळाकडे जातो तो या टेकणाऱ्या पृष्ठांमधून; बोल्टचे काम पट्टीला आत ओढून धरण्यापुरते असते, म्हणून तर बोल्टची छिद्रे दांड्यापेक्षा सैल ठेवलेली असतात. फिशप्लेटचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी १८४७ मध्ये घेतले आणि १८९१ मध्ये कोल्हापूर–मिरज मार्ग सुरू झाला तेव्हा ही पद्धत चांगली रुळलेली होती. या फाउंड्रीतल्या पट्ट्या मात्र बाजारातल्या सरळ चौकोनी फ्लॅटमधून कापलेल्या होत्या. त्यांच्या काटकोनी कडा उतारांवर बसणे शक्यच नव्हते. बोल्ट जितका आवळावा तितकी पट्टी रुळाच्या पोटावर दाबली जाई आणि चाकाचा सगळा भार बोल्टच्या दांड्यावरून छिद्राच्या कडेवर येई. अशा वेळी बोल्ट तुटला तर दोष बोल्टचा म्हणता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट दुपारी समोर आली. फाउंड्रीत डाय पेनिट्रंट तपासणीचे, म्हणजे रंगीत द्रवाने बारीक तडे शोधण्याचे, साहित्य नेहमीच हाताशी असते, म्हणून मी रुळांची टोके घासून स्वच्छ करून घेतली आणि छिद्रांभोवती लाल द्रव लावायला सांगितला. काही वेळ थांबून तो पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्या थरावर, टोकाजवळच्या छिद्राच्या कडेपासून, आधी केसासारखी आणि पाहता पाहता ठळक होत गेलेली लाल रेघ तिरकी वर माथ्याच्या दिशेने निघाली. दुसरी तशीच खाली तळाच्या दिशेने. छिद्राच्या कडेवर ताण सर्वांत जास्त साधारण ४५ अंशांच्या दिशेत येतो आणि तडा तिथूनच फुटतो. रेल्वेतही बोल्टच्या छिद्रांतून निघणारे असे तडे हा सांध्यावरचा फार जुना आजार आहे. येथे तो वेगाने बळावला, कारण छिद्रे ड्रिलने न पाडता गॅस कटरने पाडलेली होती. आतल्या कडेवर वितळलेल्या लोखंडाचे ओघळ बोटाला लागत होते.

रुळाचे पोलाद साध्या एमएससारखे (माइल्ड स्टीलसारखे) नसते. त्यात कार्बन ०.६० ते ०.८० टक्के असतो. असे पोलाद ज्योतीने तापून भरभर थंड झाले की कापाच्या कडेला काचेसारखा कडक आणि ठिसूळ थर तयार होतो, आणि त्यात तडा जायला फारसे निमित्त लागत नाही. एका सांध्यावर तर कोणीतरी साध्या इलेक्ट्रोडने, रूळ आधी तापवून न घेताच, वेल्डिंगही केले होते. वेल्ड शाबूत होता आणि त्याच्या लगतचे पोलाद फाटले होते.

त्या लाल रेघा पाहिल्यावर जाड पट्टीची चर्चा आपोआप मागे पडली. ही टोके कापून टाकल्याशिवाय त्यांवरून भरलेली ट्रॉली नेऊ नये, असे मी मालकांना स्पष्ट सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून उत्पादन सुरू व्हायचे होते. तरीही त्यांनी ट्रॉली बंद ठेवून कास्टिंग फोर्कलिफ्टने थोडी थोडी हलवायला जागेवरच संमती दिली. उत्पादनाचा ताण माहीत असलेल्या माणसाने असा निर्णय घेणे किती अवघड असते हे मी जाणतो, आणि त्याचे मोल मला आजही वाटते.

डिझाइनमधला सर्वांत मोठा बदल पट्टीत नव्हे, सांध्याच्या जागेत केला. जुने सांधे बरोबर खड्ड्याच्या काठावर होते, म्हणजे एका बाजूला अढळ काँक्रीट आणि दुसऱ्या बाजूला भाराखाली लवणारा गर्डर. आधार जिथे एकाएकी बदलतो तिथेच रूळ तोडलेला होता. उचलायचा तुकडा ६ ऐवजी ७ मीटरचा घेतला आणि दोन्ही बाजूंचे पक्के रूळ अर्धा अर्धा मीटर मागे कापले. त्यामुळे सांधे काँक्रीटवर सरकले आणि तडे गेलेली टोकेही त्याच कापात निघून गेली. प्रत्येक सांध्याखाली २५ मिलिमीटर जाडीची बेड प्लेट नॉन-श्रिंक ग्राउटवर, म्हणजे सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या भरावावर, बसवली. रेल्वेत सांधा सहसा दोन स्लीपरांच्या मध्ये ठेवतात, कारण सांध्याखालीच स्लीपर असेल तर आदळण्याने त्याच्याखालची खडी दबत जाते. येथे खडी नव्हती, म्हणून सांधा थेट आधारावर घेण्यात अडचण नव्हती आणि फायदा मोठा होता.

रेल्वेच्या मापाच्या तयार फिशप्लेट का घेतल्या नाहीत, हा प्रश्न फाउंड्रीतही निघाला. रूळ वापरलेले होते आणि त्यांचे उतार कमीजास्त झिजलेले होते. नव्या रुळाच्या मापाची पट्टी झिजलेल्या उतारांवर सैल बसते आणि आवळली की पुन्हा पोटापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक टोकाचा आकार पत्र्याच्या टेम्प्लेटवर उतरवून घेतला आणि त्याप्रमाणे ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या जाड पट्टीतून उद्यमनगरातल्या व्हीएमसीवर (संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्रावर) फिशप्लेट मिलिंग करून घेतल्या. आपल्याच फाउंड्रीत एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट जातीच्या ओतीव लोखंडात, ओतून घेऊ, असा आग्रह झाला होता. कोल्हापुरात तो होणारच, आणि तसा आकार ओतणे सोपेही आहे. परंतु एसजी आयर्नचा ताठपणा पोलादापेक्षा कमी असतो आणि पुन्हा पुन्हा वाकणाऱ्या जागी मला लाटलेले पोलादच हवे होते.

बोल्ट चारच ठेवले. रेल्वेच्या ग्लूड (चिकटवलेल्या) सांध्यांत सहा बोल्ट असतात, पण तेथे रुळांतली लांबीच्या दिशेची मोठी ओढ सोसायची असते. येथे तशी ओढ नव्हती आणि प्रत्येक जादा छिद्र म्हणजे तड्याला आणखी एक जागा. रूळ करवतीने कापले, छिद्रे मॅग्नेटिक ड्रिलने पाडली आणि प्रत्येक छिद्राच्या दोन्ही कडा चॅम्फर केल्या, म्हणजे तिरक्या घासून त्यांची धार मोडली. पूर्वी दोन रुळांमध्ये बोट शिरेल इतकी फट होती. ३० अंशांच्या तापमानफरकाने ७ मीटरच्या तुकड्याची लांबी सुमारे अडीच मिलिमीटर बदलते, म्हणून ३ मिलिमीटरची फट पुरेशी धरली.

बसवण्याच्या दिवशी मामा पुन्हा आले. उतारांना तेलात कालवलेले ग्रॅफाइट त्यांनी स्वतः चोपडले, आधी मधले दोन बोल्ट आवळून घेतले, मग बाहेरचे, आणि पट्टी व पोट यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पात) सगळीकडे फिरते याची खात्री झाल्यावरच टॉर्क रेंच माझ्या हातात दिला. भरलेली ट्रॉली काही फेऱ्या नेऊन बोल्ट पुन्हा तपासले तेव्हा ते थोडे थोडे सरकले, कारण नवी पृष्ठे भाराखाली एकमेकांत बसत जातात. जुन्या सांध्यावर खोलण्यापूर्वी डायल गेज लावले होते तेव्हा ट्रॉलीखाली रुळाचे टोक २.८ मिलिमीटर दबत होते. नव्या सांध्यावर तोच काटा ०.४ पर्यंत जाऊन परत आला.

रेल्वेत सांध्यांना वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या थंडीत, खोलून तेल-ग्रॅफाइट लावतात. फाउंड्रीत वाळूची धूळ सतत आत शिरते, त्यामुळे येथे कन्व्हेयरसाठी रूळ उचलले जातील त्या प्रत्येक वेळी ते करायचे आणि त्याच वेळी छिद्रांची डाय पेनिट्रंट तपासणी करायची असे देखभालीच्या तक्त्यात लिहून दिले आहे. फेटलिंग शेडच्या टोकाचे सांधे अजून जुन्याच सरळ पट्ट्यांवर आहेत. तेथे खड्डा नसल्याने रूळ उचलावे लागत नाहीत, म्हणून पुढच्या शटडाउनमध्ये ते थर्मिट वेल्डिंगने (रासायनिक क्रियेने वितळलेले पोलाद सांध्यात ओतून) जोडून घ्यावेत असे मी सुचवले आहे. तोपर्यंत त्या भागात ट्रॉली अर्ध्या भारानेच न्यावी, ही सूचना चालकाच्या पॅनेलवर लावली आहे.